गळ्याचं माप

"हात काढा! आधी माझ्या लेकीच्या गळ्यावरून हात काढा, वन्सं!"

वहिनी दारातूनच ओरडली. शिवणाच्या मशीनपाशी पोर शाळेच्या नव्या गणवेशाचं माप द्यायला उभी, तिच्या गळ्याभोवती टेप, टेपच्या आत आत्याची दोन बोटं... आणि मशीनवर, रिळांच्या डब्याशेजारी, ती बाटली! रोज सकाळी उपाशीपोटी, सगळ्यांकडे पाठ करून आत्या जिच्यातली गोळी घेई, तीच. "गिळ... आणखी एकदा गिळ बघू, बाळा," हे शब्द तर वहिनीने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. आणखी पुरावा कशाला हवा?

"काय चारलंत तिला?"

"काही नाही गं... खरंच काही नाही!" आत्याचा हात नकळत स्वतःच्या कॉलरच्या वरच्या बटणाकडे गेला.

ते बटण! लग्न होऊन या घरात आल्यापासून वहिनीने आपल्या या नणंदेला कधी उघड्या गळ्याने पाहिलं नव्हतं. त्यात लपवलेल्या गोळ्या, त्यात ठरलेलं लग्न स्वतःहून मोडून भावाच्या घरात राहिलेली बाई... संशय एकदा मनात शिरला की साधी शिंकसुद्धा कारस्थान वाटते. वहिनी तिला पाण्यातच पाही.

पण त्या क्षणी आत्याच्या काळजात वेगळाच संशय थैमान घालत होता. नुकतीच शिवलेली कॉलर पोरीला घट्ट झाली, तेव्हा "वन्संचं मापच चुकलं" म्हणून वहिनीने बटण पुढे सरकवून दिलं होतं. माप चुकलं नव्हतं. पोरीने आवंढा गिळला, तशी आत्याच्या बोटाखाली एक बोराएवढी गाठ वर सरकली आणि खाली आली. ऐन तारुण्यात तिने स्वतःच्या गळ्यात चाचपली होती, अगदी तशीच!

"हिला डॉक्टरांकडे न्या. आजच," ती कशीबशी म्हणाली.

"का? तुला काय माहीत आहे, ताई?" आरडाओरडा ऐकून आत आलेल्या भावाच्या आवाजातही आता संशय होता.

आत्या टेप गुंडाळू लागली.

वहिनी आत्याला दवाखान्यात सोबत नेणारच नव्हती, पण पोर आत्याचा हात सोडेना. डॉक्टरीणबाईंनी गळा तपासला, सोनोग्राफी पाहिली.

"मुलांमध्ये अशा गाठी क्वचित होतात, आणि बहुतेक निरुपद्रवीच निघतात. पण मोठ्यांपेक्षा मुलांच्या गाठीकडे जास्त संशयाने बघावं लागतं. ही धड चांगली दिसत नाही, धड वाईटही नाही. म्हणून विचारते... हिच्या मानेला कधी रेडिएशन दिलंय? घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर?"

"छे! आमच्या घरात असलं काही नाही," भाऊ ठामपणे म्हणाला.

"मग काही महिने थांबून पुन्हा बघायला हरकत नाही."

थांबून...! आत्याचा हात वरच्या बटणाकडे गेला. तिच्या गळ्यात गाठ सापडली, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या आईने हात धरून विनवलं होतं, "कोणाला कळू देऊ नकोस, पोरी. असा रोग घरात आहे म्हटल्यावर तुझ्या भावाला मुलगी कोण देईल?" तिने ते वचन पाळलं होतं. शिवण शिकायला परगावी जाते असं सांगून ती एकटीच ऑपरेशन करून आली होती. व्रण कोणाला दिसू नये म्हणून ठरलेलं लग्न मोडून जन्मभर गर्विष्ठ म्हणवून घेतलं होतं. ज्या भावासाठी हे केलं, त्याचीच लेक आज समोर पाय हलवत बसली होती.

तिने बटण काढलं. गळ्यावर आडवा, पांढुरका व्रण होता.

"आहे, डॉक्टर... मला झाला होता. ऑपरेशन झालं, तेव्हापासून रोज गोळी घेते."

"ताई!" भाऊ खुर्चीतून उठला.

"मग थांबायचं नाही. सुईने गाठीतला नमुना घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दवाखान्याबाहेर येताच वहिनी आत्याकडे वळली. "म्हणजे लग्नात आम्हाला फसवलंत!"

"हो," आत्या म्हणाली. "फसवलं."

कॅन्सरच निघाला! पण गाठीबाहेर पसरला नव्हता. ऑपरेशन नीट पार पडलं. "आणखी उशीर झाला असता तर..." एवढं बोलून डॉक्टरीणबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं.

पोर घरी आली. आत्या पुन्हा गणवेश बेतायला बसली. कॉलर उंच, व्रण झाकेल इतकी. वहिनीने मागून येऊन तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

"नको. माझ्या लेकीने गळा झाकून जगायचं नाही."

आत्या अंग चोरून बसली. आता आणखी कोणता आरोप...? पण वहिनीची बोटं हळूच तिच्या गळ्याशी आली, वरचं बटण निघालं, आणि तो जुना व्रण त्या बोटांनी अलगद चाचपला.

"वन्सं... तेव्हा खूप दुखलं होतं का हो? जवळ कोण होतं?"

"छे गं, काही नाही..." सवयीने तोंडून निघून गेलं. मग इतक्या वर्षांचा बांध फुटला. "खूप दुखलं होतं गं! कोणी नव्हतं... कोणीच नव्हतं जवळ!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. दारात गळ्याला पट्टी बांधलेली पोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आई, आत्याच्या गळ्यावरून हात काढ बघू! माझं माप राहिलंय."