अकरा वेळा अनक्लिअर

"अहो, माझा न्यूक्लिअस कुठे गेला?"

डोंबिवलीच्या टायपिंग क्लासात नीलाची बोटं थबकली. दारात ठाण्याच्या कोपरीचा मोरेश्वर कोळी उभा होता. हातात तिनेच टाइप केलेली त्याच्या पीएचडीच्या प्रबंधाची पानं.

"हे बघा! 'न्यूक्लिअर'च्या जागी 'अनक्लिअर'. एकदा नाही, अकरा वेळा!"

नीलाने जीभ चावली. इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन अक्षरं, 'एन' आणि 'यू', उलटी पडली होती. पण हार मानेल ती नीला कसली!

"बरोबरच आहे की. मला त्यातलं काही क्लिअर नाहीच!"

तो खो खो हसला आणि स्टुलावर बसून समजावूच लागला.

"अणूच्या पार आत असतो हा चिमुकला न्यूक्लिअस. भलता हट्टी! त्याला जबरदस्त लेझरने जागं करायचं, हवं तसं वागायला लावायचं."

"आणि तो ऐकतो?"

"सरळ नाही ऐकत. लेझर बाहेरच्या इलेक्ट्रॉनला हलवतो, इलेक्ट्रॉन आतल्याला. निदान माझं गणित तरी तसं म्हणतंय."

"म्हणजे मध्यस्थ लागतो... स्थळ जमवताना लागतो तसा!"

टाइपरायटरवर ग्रीक अक्षरं नव्हती. नीला त्यांच्या जागा कोऱ्या सोडायची आणि मोरेश्वर संध्याकाळी येऊन काळ्या शाईने त्या भरायचा. हळूहळू ती गरज नसलेल्या जागाही कोऱ्या सोडू लागली. त्याने कधी तक्रार केली नाही.

मग एकदा तो म्हणाला, "शनिवारी प्रबंध सादर. पुढच्या महिन्यात जर्मनी... दोन वर्षं."

नीलाने मशिनमधला सरळच असलेला कागद पुन्हा सरळ केला. प्रबंध संपल्यावर हा डोंबिवलीला कशाला उतरेल? जाण्याआधी बोलेल तरी का काही?

शुक्रवारी त्याने शेवटचं पान आणलं, आभाराचं. आई, बाबा, सर... आणि खाली, 'जिच्यामुळे सारं क्लिअर झालं, ती माझी —' पुढे कोरी जागा.

"इथे कुठलं ग्रीक अक्षर येतं?" तिने विचारलं.

"ते... तुम्हीच भरा ना."

"कागद कशाला मध्ये? सरळ बोला की!"

मोरेश्वरचे कान लाल झाले. लेझरवर दोनशे पानं लिहिणारा माणूस, पण एका वाक्याला अडखळला.

"नीला... लग्न करशील माझ्याशी? थांबशील दोन वर्षं?"

"हो!" ती इतक्या जोरात म्हणाली की क्लासातली सगळी मशिनं थांबली. सगळ्या माना वळल्या. नीला लाजली, पण तिने नजर काही वळवली नाही.

"हो म्हटलं ना! आता तरी क्लिअर?"