दोन इंचातला एक इंच

डोंगरगणच्या खडकाळ वाटेवर जीप धोंड्यावर बसली होती. मालक, मिरजगावचा समर्थ, घाम पुसत गिदोन मिस्त्रींची वाट बघत होता. नगरच्या गॅरेजातून आली ती मिस्त्रींची मुलगी लिडिया... ओढणी कमरेला खोचलेली, हातात पहार.

“जीप उंच करायला चार इंचाचं लिफ्ट किट टाकलंय हो! तरी अडकली?” समर्थ म्हणाला.

ती जीपखाली वाकली आणि हसली. “बॉडी वर गेली. मागच्या दोन चाकांमधला ॲक्सलचा गोळा हाय तिथंच. तो उचलायचा तर टायर मोठं पाहिजे. दोन इंच मोठं टाका, गोळा एक इंच वर.”

“आन् दुसरा इंच?”

“तो चाकाच्या वरच्या अंगाला जातो. सगळंच कुठं आपल्या पदरात पडतं?”

जीप निघाली, समर्थ मात्र अडकला तो अडकलाच.

मोठी टायरं बसली. मग दर शनिवारी जीपमधून काहीतरी आवाज येऊ लागला.

“मला तर ऐकू येत न्हाई,” लिडिया म्हणायची.

“मला तरी कुठं येतोय? तू... चक्कर मारून बघ ना.”

उंच सीटवर चढताना तो हात द्यायचा, तिला गरज नसताना. तिच्या बोटांचं ग्रीस त्याच्या बाहीला लागायचं, तो पुसायचा नाही. माळावर वाळल्या गवताचा वास सुटायचा. लिडियाचा जीव जडला होता, अगदी वेड्यासारखा. ती एवढंच विचारायची, “आईला कधी सांगनार?”

“सांगतो ना... तिचा सोभाव तुला ठाऊक न्हाई. जरा दम धर.”

असा दम धरता धरता वर्ष सरलं. मग त्यानं जीप गॅरेजात आणून लावली. “लिफ्ट काढ. आईला चढता येत न्हाई. रविवारी तिला घिऊन येतो.”

आई येणार! लिडियाला आभाळ ठेंगणं झालं. लिफ्ट काढली तर मोठी टायरं मडगार्डला घासणार, म्हणून तिनं जुनी चाकंही चढवली. वडिलांना पान्याला हात लावू दिला नाही. रविवारी चर्चहून आल्यावर निळा ड्रेस अंगावर तसाच ठेवून तिनं चहाचं आधण चढवलं.

समर्थची आई, मालनबाई, आल्या. दोनदा जीपमध्ये चढल्या, उतरल्या. “लई ब्येस केलंस, पोरी. आता नवरीला शालूत चढता यील.” आणि पिशवीतून समर्थच्या लग्नाची कुंकू लावलेली पत्रिका काढली.

लिडियानं समर्थकडं पाहिलं. तो टायरकडं बघत होता.

“वळखीची हाय का रं तुझ्या?” मालनबाईंनी विचारलं.

“मेकॅनिक हाय.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मावशी, वर्षभर हा मला लग्न करतो म्हनत हुता. तुमच्या भीतीनं बोलत न्हाई, असं सांगायचा.”

मालनबाई मटकन स्टुलावर बसल्या. “माझ्या भीतीनं? आगं, मी दोनदा इचारलं याला... मनात कुनी हाय का? जातधर्म मी बघनार न्हाई, म्हनलं. न्हाई म्हनला. पोरगी तूच बघ, म्हनला.”

“समर्थ...?” लिडिया म्हणाली.

तो जीपकडं वळला. वर्षभर ती जिला भ्यायली, त्या बाईनं तिचा हात घट्ट धरला होता. आणि ज्याच्यासाठी ती थांबली होती, त्या पोराची जीप सुरू झाल्याचा आवाज आला.