पापुद्रा

कराडच्या हेमलता इंगवलेंच्या ओट्यावर मिसळणाचा डबा होता, पिठाचा डबा होता, आणि त्यांच्या शेजारी एक अख्खं बेट होतं. वहीएवढ्या काचेतलं. त्यात दोनशे माणसं राहायची, मासे धरायची, कचाकचा भांडायची, आणि बाईंनी तवा ठेवला की कामं सोडून काचेपाशी गोळा व्हायची. तिकडून त्यांना बाईंचं स्वयंपाकघर दिसायचं.

ही शिकती पात्रं. खेळ बनवणाऱ्या एका कंपनीने ती संगणकात घडवली होती. कसं वागायचं ते कुणी लिहून द्यायचं नाही, त्यांनीच पाहून-ऐकून शिकायचं. भाषा मात्र नवीकोरी हवी होती, आणि ती रचली हेमलताबाईंनी. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई, पण एकही मराठी शब्द आत शिरू दिला नाही! समुद्राच्या पाण्याला तेरा शब्द दिले, रुसण्याला चार. बेटावरचे लोक त्यांना 'सोरी' म्हणत, म्हणजे शब्द देणारी.

एक शब्द तेवढा बाईंनी दिला नव्हता. मरणाचा.

"काकू, आज बारापर्यंत हवाच," कंपनीतल्या निखत मुजावरचा फोन आला. "बेटावर पोरं जन्मली, संगणकाची स्मृती भरली. सगळ्यात म्हातारं पात्र आज काढावं लागणार. होडीवाला हुमाक."

"जळ्ळी मेली तुमची ती स्मृती! त्याला कशाला काढता?"

"माझ्या हातात नाही हो. पण चाचणीत काय झालं आठवतंय ना? शब्दच नाही, तर माणूस गेला हे त्यांना कळलंच नाही. नुसते शोधत बसले. जाळी पडून, चुली बंद. आज तसं झालं तर कंपनीतले वरचे लोक अख्खं बेट पुसणार आहेत. द्या ना एक शब्द. तुमच्या हातचा मळ."

हातचा मळ! यजमानांना, संपतरावांना, जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून बाई या एका शब्दासाठी वही उघडत आणि मिटत. 'आमच्या यांना हे चालत नाही,' असंच त्या अजून शेजारणीला सांगत.

तव्यावरची भाकरी टम्म फुगली. बाईंनी सवयीने वरचा पापुद्रा अलगद सोलला आणि संपतरावांच्या रिकाम्या जागेवरच्या ताटलीत ठेवला. हा यांचा. यांना भाकरीपेक्षा पापुद्र्याचं वेड, वर तेल-चटणी हवी. रोज दुपारी तो चिमण्या खात, तरी बाई रोज काढून ठेवत. बेटावरच्या तियो नावाच्या पोरीने एकदा विचारलं होतं, हे काय? "पापुद्रा," बाई बोलून गेल्या आणि घाईने विषय बदलला.

बारा वाजले. वही कोरीच होती.

काचेत हुमाकची होडी रिकामी डुलत होती. माणसं किनाऱ्यावर जमली. कुणी हाका मारल्या, कुणी खडकांमागे पाहून आलं. जाळी तशीच पडून राहिली. बाईंनी पदर तोंडाला लावला. आपल्या हट्टापायी दोनशे जीव जाणार!

मग हुमाकची बायको ओलिमा चुलीशी बसली. तिने मासा भाजला, त्याची कुरकुरीत साल सोलली आणि हुमाकच्या जागेवर पान मांडून त्यावर ठेवली.

"पापुद्रा," ती म्हणाली.

"हुमाक पापुद्रा," बाकीचे हळूहळू म्हणाले. काही रडले. मग सगळे जेवले आणि जाळी घेऊन पाण्यात उतरले.

बाईंनी ताटलीतल्या पापुद्र्याकडे पाहिलं. तीन वर्षं ही माणसं भाकरी नाही, गेलेल्या माणसासाठी काढून ठेवलेला वाटा बघत होती तर! त्या मोठ्याने रडल्या, आणि रडता रडता पहिल्यांदाच म्हणाल्या, "गेले गं बाई, गेले."

तियो काचेला नाक लावून उभी होती.

"सोरी, हुमाकला माशाची साल आवडायची. तुझ्या माणसाला ते भाकरीचं. तू गेलीस की तुझ्यासाठी आम्ही काय काढून ठेवायचं?"

बाईंनी डोळे पुसले आणि सांगायला तोंड उघडलं. चाळीस वर्षं घरात ज्याला जे आवडतं ते त्याला वाढलं, उरलंसुरलं आपण खाल्लं. आपल्याला काय आवडतं बरं?