एकूण सामने : अकरा

"अकरा."

"एका वर्षातले?" पेन कागदावरून न उचलताच मंगलने विचारले.

"न्हाई वैनी... एकूण."

मंगलने आता पेन उचलले. वडवणीच्या एका संस्थेत क्रीडा प्रशिक्षकाची जागा निघाली होती, आणि गुडघा मोडून कोलकात्याहून कायमचा परतलेला तिचा धाकटा दीर सत्यम समोर बसून अर्जातली माहिती सांगत होता. घरात अक्षर तिचेच चांगले, म्हणून लिहीत ती होती. नऊ वर्षे एका मोठ्या क्लबाचा पगारी गोलकीपर... आणि खेळलेले सामने अकरा!

"एक काठी अजून वढ की गं," खाटेवरून सासू तुळजाबाई म्हणाली. "एकशेअकरा होत्यात. कोण मोजाया बसलंय?"

"तुमी गप बसा, आत्याबाई!"

या घरात तिने असा आवाज कधी चढवला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी अंबाजोगाईला नर्सिंगच्या यादीत तिचे नाव लागले, आणि त्याच आठवड्यात सत्यमला क्लबाचे बोलावणे आले. नवरा अंगद सहा महिने ऊसतोडीला, सासूचे एक अंग लुळे पडलेले... दोघांपैकी एकालाच घर सोडता येणार होते. मंगलने प्रवेशाचा कागद पेटीच्या तळाशी घातला आणि हसतमुखाने दिराच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी भरली. त्या हसण्याखाली केवढा आक्रोश गाडला होता, ते एका तिच्या अंतःकरणालाच ठाऊक! पुढे त्यांच्या गावात, युसूफ वडगावात, कुणीही विचारले, की ती मान ताठ करून सांगे, "आमचे भावजी कोलकात्याला खेळतात."

खेळतात!

"मग नऊ वर्षं करत काय होतास तू?" रागाच्या भरात 'भावजी' गेले, 'तुमी'ही गेले.

"बाकावर बसत होतो. पयला गोलकीपर आजारी पडला, तर मी."

"अन् तो मेला आजारीबी पडंना!" तुळजाबाई पुटपुटली.

"आमचे कोच सांगायचे," सत्यम चाचरत म्हणाला, "दोन महायुद्धांच्या मधी स्कॉटलंडात एक गोलकीपर होता म्हणं. फुटबॉल हाच त्याचा पोटाचा धंदा. दहा वर्षं दुसऱ्याच्या पाठीमागं थांबला, पण क्लब सोडला न्हाई. लई इमानदार माणूस..."

"त्याच्या भावजयीनं काय सोडलं होतं रे?"

सत्यम गुडघा चोळू लागला.

"तुझ्या आईचं हागणं-मुतणं काढलं मी नऊ वर्षं! कावून? तू बाकावर बसावास म्हणून?"

तुळजाबाईने तोंड भिंतीकडे फिरवले. मंगलला ते दिसले, काळजात कळही उठली. पण संताप आवरेना.

सत्यम खाटेचा आधार घेऊन उठला. "तिसऱ्या वर्षी केरळातल्या एका लहान क्लबानं बोलावलं होतं. तिथं दर सामना खेळलो असतो. मी तुमाला फोन केलता... आठवतंय?"

आठवत होते! 'वैनी, कोलकाता सोडू का?' एवढेच त्याने विचारले होते, आणि पुढचे न ऐकताच ती कडाडली होती, 'मी अंबाजोगाई सोडली, ती तुमी कोलकाता सोडावं म्हणून न्हाई! सोडून आलात, तर या उंबऱ्यात पाय ठेवू नका!'

"तुमी माझ्यापायी एवढं सोडलं, वैनी, की मला कायच सोडता आलं न्हाई!" त्याचा आवाज फाटला. "तुमाला मी मोठा पायजे होतो... मला निस्तं खेळायचं होतं!"

मंगलला आता उमगले. आपला त्याग त्याच्या मानेवर जू होऊन बसला होता, आणि कासरा आपल्याच हातात होता... क्षमा मागावी असे वाटले. पण उरात राग अजून तुडुंब भरला होता. तिने अर्ज पुढे ओढला आणि ठळक अक्षरांत लिहिले, अकरा.

"पयला कुणाशी झाला?" तिने खालमानेने विचारले.

तो सांगू लागला. आधी तुटक, मग हात पसरून, झेप दाखवून. एक झाला, दोन झाले, तीन झाले... "चौथ्याला चेंडू मी रेषेच्या अलीकडंच धरलेला. तरी पंचानं गोल दिला. त्याच्यावर सात महिने बाकावर."

"सात महिने?" मंगल ताडकन उठली. "अलीकडं धरलेला चेंडू, अन् गोल? डोळे फुटले होते का त्या मुडद्याचे? मी असते ना तिथं, तर..."

पुढचे शब्द रडण्यात बुडाले. सत्यमने मोडका गुडघा कसाबसा टेकून तिच्या पायांवर डोके ठेवले. तिने ते दोन्ही हातांनी वर उचलले आणि हुंदके देत, संतापाने थरथरत ती त्याला पुन्हापुन्हा विचारत राहिली,

"अन् तू गप बसलास? गप कावून बसलास रे?"