विचारायचं आणि थांबायचं

डोक्यावर खुर्ची घेऊन जिना चढायचा म्हणजे समोरचं काही दिसत नाही. म्हणूनच दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कशावर तरी धाडकन आदळली.

"अहो, जपून! तुमच्या खुर्चीने माझ्या खुर्चीला लाथ मारली."

आवाज हसरा होता. तिने खुर्ची खाली ठेवली, घाम पुसला आणि पाहिलं. वळणावर एक तरुण टाय सैल करून, स्वतःच्याच निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत ऐसपैस बसला होता. शाळेची लिफ्ट बंद होती, नुकत्याच पुसलेल्या पायऱ्यांना फिनेलचा वास येत होता, आणि वर चौथ्या मजल्यावर मुख्याध्यापिका बाई नव्या खुर्च्यांचे नमुने पाहत होत्या. म्हणजे हाही तिथेच निघालाय...

"टेका की जरा," तो म्हणाला. "बसायला जागा नाही, असं तरी आपल्याला म्हणता यायचं नाही."

तिने हसू ओठांतच दाबलं. हसायची वेळ नव्हती. काकांचा कारखाना म्हणजे सात कारागीर आणि तीन यंत्रं. या शाळेचं काम मिळालं नाही तर शनिवारी कुलूप लावायचं, असं काकांनी काल जेवताना सांगितलं होतं... बसक्या आवाजात, पण इतक्या शांतपणे, की काकूच्या हातातला डाव तसाच अधांतरी राहिला. गिऱ्हाइकाशी बोलायचं ते नेहमी काकांनीच. पण त्यांचा घसा आठ दिवस पार बसलेला. मग उरली कोण? कॉलेजात शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी पुतणी.

ती टेकली आणि डोळे मिटून पुटपुटू लागली. "नमस्कार. आमची खुर्ची मजबूत, टिकाऊ, आकर्षक..."

"किफायतशीर राहिलं."

ती दचकली. "चोरून ऐकताय?"

"दोन हातांवर बसून? यात चोरी कसली! आणि मीही हेच म्हणतो हो. आपल्या आधी येऊन गेलेलेही हेच म्हणाले असणार. बाईंचे कान किटले असतील एव्हाना."

"मग म्हणायचं तरी काय?" बोलून गेली आणि तिने जीभ चावली. प्रतिस्पर्ध्याला कुणी असं विचारतं का!

"काहीच नाही. आधी विचारायचं — आत्ताच्या खुर्च्यांचा त्रास काय होतो? आणि मग थांबायचं. त्या बोलेपर्यंत एक अक्षर काढायचं नाही."

"आणि त्या बोलल्याच नाहीत तर?"

"तरी थांबायचं."

तिने डोळे बारीक केले. "ही युक्ती मला फुकटात का सांगताय?"

"तुमचं पाठांतर ऐकून माझ्याच पोटात गोळा आला म्हणून. चला, लाकडी खुर्चीवाल्या! माझी हलकी आहे, ती तुम्ही धरा."

ती नको म्हणेपर्यंत तिची खुर्ची उचलून तो वरच्या वळणाला पोचलाही होता.

चौथ्या मजल्यावर शिपायाने आधी त्याला आत बोलावलं. बंद दारातून शब्द कळत नव्हते, पण त्याचा आवाज नळ उघडा राहिल्यासारखा अखंड येत होता. ती बाकावर हात आवळून बसली. तो खरं बोलला असेल? की नवखी दिसतेय, घाला हिला खड्ड्यात... असं?

दार उघडलं. खुर्ची काखेत मारून तो बाहेर आला. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"जा," तो हळूच म्हणाला. "थांबायचं... लक्षात आहे ना?"

आत लांब टेबलामागे बाई बसल्या होत्या. शेजारी शाळा समितीचे दोन सदस्य घड्याळ बघत होते. तिने खुर्ची भिंतीशी ठेवली आणि ती टेबलासमोर बसली.

"बोला," बाई म्हणाल्या.

मजबूत, टिकाऊ, आकर्षक... सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. तिने ते गिळलं. "बाई, तुमच्या आत्ताच्या खुर्च्यांचा तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

कुणीच बोललं नाही.

पंखा कुरकुरत होता. एक सदस्य पेन टकटक वाजवू लागला. फसवलं त्याने! आता तरी बोल, कारखाना बुडवशील... तिने गालाचं आतलं मांस दातांत धरलं आणि बाईंकडे बघत राहिली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आवाज," त्या म्हणाल्या. आणि मग थांबेनातच. "सुट्टी संपली की वरच्या वर्गात खुर्च्या ओढतात. खाली पहिलीच्या बाईंचा शब्द ऐकू येत नाही. कुठल्याच पत्रकात याबद्दल एक ओळ नसते!"

ती उठली. आपली खुर्ची दोन्ही हातांनी धरून तिने भिंतीपासून टेबलापर्यंत ओढत आणली. फरशीवर नुसती कुजबुज झाली.

"आम्ही कारखान्याच्या माडीवर राहतो," ती म्हणाली. "खाली खुर्ची सरकली की ताईचं बाळ झोपेतून दचकून उठायचं. म्हणून काकांनी प्रत्येक पायाला रबरी बूट घातला. हे... हे मी भाषणात घेतलं नव्हतं. घरगुती वाटलं."

बाईंनी स्वतः उठून खुर्ची ओढून पाहिली. एकदा, मग पुन्हा. "नमुना इथेच राहू दे. आधी चार वर्गांच्या करून द्या. काकांना म्हणावं, सोमवारी मापं घ्यायला या."

सोमवारी! म्हणजे शनिवारी कुलूप नाही.

रिकाम्या हातांनी ती जिना उतरली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर निळी खुर्ची होती, आणि खुर्चीत तो.

"मिळालं?"

तिने नुसती मान डोलावली. मग म्हणाली, "तुम्हीही विचारलं असेल ना, त्रास काय म्हणून?"

"विचारलं. आणि त्यांनी श्वास घ्यायच्या आत उत्तरही मीच दिलं." तो खजील हसला. "शांतता सोसत नाही हो मला. समोरचं माणूस गप्प बसलं की वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं."

"तुमचे साहेब काय म्हणतील?"

"ओरडतील. त्यांनाही शांतता आवडत नाही."

आता मात्र ती मोकळी हसली. "मला वाटलं होतं, तुम्ही मला खड्ड्यात घालताय."

"मग ऐकलंत कशाला?"

"वर माझी खुर्ची खाली ठेवताना तुम्ही ती अलगद टेकवलीत. आपटली नाहीत."

तो टायचं टोक बोटाला गुंडाळू लागला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुमचं काम तर केव्हाच संपलं होतं. इथे कशासाठी बसून राहिलात?"

आणि ती थांबली.

त्याने तोंड उघडलं, मिटलं. टायचा वेढा सुटला, पुन्हा गुंडाळला गेला. वरच्या वर्गात कुणीतरी खुर्ची ओढली — करकर. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. आणि घाईघाईने, "आता तू बोल काहीतरी. जीव चाललाय माझा!"

तिने त्याला अजून जरासं थांबवलं... मुद्दाम. मग वाकून निळ्या खुर्चीचे पुढचे दोन पाय धरले.

"ऊठ. मागून धर."

खुर्ची एका हातात मावेल इतकी हलकी होती. तरी दोघं ती दोन्ही बाजूंनी धरून, एकेक पायरी मोजत, अगदी सावकाश उतरू लागले.