नवाराच्या मुलाचा सातवा दिवस

इजिप्तमधल्या झगाझिगच्या आमच्या नवजात अतिदक्षता कक्षात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या सहा होत्या आणि श्वासयंत्रं चार. साल १९९७. मी शिकाऊ डॉक्टर होते. बाहेरच्या खोलीत इब्तिसाम नर्स दुपारी मेथीचा चहा उकळायची आणि पहिला पेला मला द्यायची. त्या खोलीची ओढ मला अजून आहे.

माझा प्रबंध यंत्रावरच्या बाळांना होणाऱ्या न्यूमोनियावर होता. वजन, जन्माचा आठवडा, श्वासाची नळी किती वेळा घातली, डोक्याकडची बाजू किती उंच ठेवली, यंत्रावर किती दिवस. सातवा दिवस उलटला की माझ्या तक्त्यात आजारी बाळं झपाट्याने वाढत.

तेव्हा यंत्रावर असलेल्या बाळांपैकी नवाराच्या मुलाला अजून नाव नव्हतं. नाव सातव्या दिवशी, सुबूला ठेवतात; सुबू म्हणजे आमच्याकडचं बारसं, पितळी खलबत्ता वाजवून, सात धान्यं उधळून आणि बकरं कापून. वजन तेराशे ग्रॅम. एकदा नळी काढून पाहिली होती, तासाभरात परत घालावी लागली.

सातव्या दिवशी सकाळी नवारा दारात उभी राहिली. "डॉक्टर, खलबत्ता आणू? कानाशी वाजवून सांगायचंय, आईचं ऐक म्हणून."

"आण की," इब्तिसाम म्हणाली. "बकरंही आण, जंतूंची पंगत बसवू." मग आवाज उतरवून, "घरी नेल्यावर कर गं, पोरी."

"येईल ना घरी?"

इब्तिसामने तिला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

फेरीला आलेले प्राध्यापक म्हणाले, "आणखी दोन दिवस ठेवा. तिसऱ्यांदा नळी घालावी लागली तर हा टिकणार नाही." ते गेले. मी तक्ता पाहिला. दोन दिवस म्हणजे नववा.

तीन वाजता पितळेवर ठोका पडला.

इब्तिसामने हातातला कापूस खाली ठेवला. "ऐकलंस?"

"बाहेर कुणीतरी असेल."

मी दार उघडलं. नवारा बाकावर बसली होती. हात मांडीवर, रिकामे.

दुसरा ठोका माझ्या पाठीमागे पडला. पेटीच्या आत.

बाळाने मान वळवली. यंत्राच्या आधी त्याची छाती फुगली. पुन्हा. पुन्हा. मी घड्याळ लावून दहा मिनिटं श्वास मोजले. एकाही श्वासाला त्याने यंत्राची वाट पाहिली नाही.

मी नळी काढली.

"नोकरी गेली तुझी," इब्तिसाम पुटपुटली आणि त्याचं तोंड पुसायला पुढे झाली.

मांजराच्या पिल्लाएवढा आवाज आला. काचेपलीकडे नवाराने तळहात टेकला.

चादर बदलायला मी बाळाला उचललं. पेटी त्याच सकाळी धुऊन आलेली, चादर इब्तिसामने स्वतः घातलेली. चादरीखाली सात दाणे होते. गहू, मसूर, मका, वाल, हरभरा, तांदूळ, मेथी.

"सुबूची धान्यं," इब्तिसाम म्हणाली.

प्रत्येक दाण्याला पेरभर कोंब फुटला होता. सातही कोंब एकाच दिशेला वळले होते, जिथे बाळाचं तोंड होतं तिकडे.