गाळच आहे, मावशी

बाळाजी त्या रात्री जेवता जेवता ताटावरून उठला, कारण त्याला मशीनची आठवण झाली. आपला अंबरनाथचा बाळाजी हो, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसतो तो. हसू नका, हाच बाळाजी एके काळी हळदीला पहाटेपर्यंत नाचायचा. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अठरा मे, शनिवार, दशमीची रात्र. चांदणं होतं, वारा नव्हता. हातातला घास हातात राहिला आणि त्याला आठवलं की नदीवरून निघताना आपण बकेट खाली टेकवलीच नाही.

"सकाळी बघा ना," त्याची बायको, आपली बकुळावहिनी, म्हणाली. "कोण नेतंय एवढं धूड चोरून?"

"चोरीचं नाही गं. ब्रेक सरकला आणि खाली कोणी असलं तर?"

तो स्कूटर काढून बदलापूरच्या रस्त्याला लागला.

आता तुम्ही म्हणाल, बकेट टेकवायची म्हणजे काय. तुम्ही पोकलेन बघितलेत. पोकलेनचा हात आखूड, काठावरून तो नदीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. तिथं ड्रॅगलाइन लागते. क्रेनसारखी लांब बूम, तिच्या टोकावरून दोराला लटकलेली दातांची बकेट. एक दोर ती उचलतो, दुसरा ती मशीनकडे ओढतो. झोका देऊन बकेट लांब पाण्यात फेकायची, तळाला बसली की ओढायचा दोर आवळायचा. दात गाळ खरवडत येतात, बकेट भरते. मग उचलायची, बाजूला फिरवायची, आणि ओढायचा दोर सैल सोडायचा. बकेट पालथी होते, माल खाली. पाण्याखालचं ऑपरेटरला काहीच दिसत नाही. हाताला लागणाऱ्या ओढीवरून तो ओळखतो, गाळ आहे की दगड. आणि सुट्टी करताना बकेट जमिनीवर टेकवून दोर ढिले सोडायचे, हा पहिला धडा. बाळाजी तो कधी विसरला नव्हता. त्या संध्याकाळी विसरला, कारण त्याला तिथून पळायचं होतं.

मांजर्लीजवळ उल्हास नदीतला गाळ काढायचं काम चाललं होतं. पावसाळ्यात तिथं घरांत पाणी शिरतं, म्हणून जूनच्या आत उरकायचं होतं. काठावर भेंडीच्या झाडाखाली रोज एक म्हातारी येऊन बसायची. गयाबाई. तिचा महेंद्र उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात होता. पाच वर्षांपूर्वीच्या पुरात रात्री घरी येताना तो बाईकसकट वाहून गेला. ना तो सापडला, ना बाईक. लोकांनी किती समजावलं, पण म्हातारीने पोराचं पुण्यानुमोदन, मेल्यामागचा विधी, केलं नव्हतं. "काही तरी हाताला लागू दे," म्हणायची. "उगाच जिवंत पोराचं कसं करू?"

ती बाळाजीला घरून माठाचं पाणी आणून द्यायची. आणि रोज संध्याकाळी, मशीन बंद झाली की, एकच विचारायची, "काही आलं का रे, दादा?"

"गाळच आहे, मावशी. आलं तर पहिलं तुम्हालाच सांगेन." हा शब्द बाळाजीने दिला होता, तिने मागितला नसताना.

त्या शनिवारी दुपारी ती जेवायला घरी गेली होती. टिपर माल टाकायला गेला होता. काठावर कोणी नव्हतं. बाळाजीने दोर आवळला आणि हाताला वेगळंच लागलं. गाळ नाही, दगडही नाही. बकेट वर आली तेव्हा दातांत एक बाईक अडकलेली होती. गाळाने लिंपलेली, पण मागे गठ्ठे बांधायला वेल्डिंग करून घेतलेलं लोखंडी कॅरियर अख्खं होतं. त्या कॅरियरचं वर्णन त्याने म्हातारीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की कागदावर काढून दाखवलं असतं.

त्याला सुपरवायझर विनीतचं बोलणं आठवलं. "बाळाजीभाऊ, नदीत काय मिळालं तर बोंबलायचं नाय हां. पोलीस, पंचनामा, काम बंद. फिर बारिश आली की लोक आपल्यालाच धरतील."

बाईक चिखल गाळत हवेत लटकत होती. बाळाजीने चारही बाजूंना बघितलं. मग बूम परत पाण्यावर फिरवली, डोहाच्या खोल अंगाला, जिथं खोदायचं नव्हतं तिथं. आणि ओढायचा दोर सोडून दिला.

संध्याकाळी म्हातारी आली. "काही आलं का रे, दादा?"

"गाळच आहे, मावशी."

तिने त्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो न पिताच परत दिला. त्याला स्वतःची अशी लाज वाटली, अशी लाज वाटली, की बकेट तशीच लटकती टाकून तो पळाला.

तर बाळाजी नदीवर पोचला. वॉचमन जागेवर नव्हता. मशीन चांदण्यात उभी होती, बूम नदीकडे. पण टोकाखाली बकेट नव्हती. दोन्ही दोर सरळ डोहात गेलेले. ब्रेक सरकला असणार, तो मनाशी म्हणाला. पण ब्रेक सरकला तर बकेट खाली पडेल. लांब डोहात कशी जाईल?

तो केबिनमध्ये चढला. इंजिन सुरू केलं. लिव्हर ओढली.

दोर ताणला. आला नाही.

त्याने पुन्हा ओढलं. दगडाला अडकलं की दोर थरथरतो. गाळात रुतलं की जड, पण सलग येतो. हे तसं नव्हतं. थोडा यायचा... थांबायचा. पुन्हा थोडा... पुन्हा थांबायचा. पलीकडून कोणी तरी हाताने धरून ठेवल्यासारखा.

मग एकदम सुटला.

बकेट वर आली. दातांतून पाणी गळत होतं. आत काही नव्हतं. ना गाळ, ना खडा. धुतल्यासारखी स्वच्छ.

त्याने इंजिन बंद केलं. पाणी ठिबकत होतं. टप... टप... मग तेही थांबलं.

"आईला सांगितलंस?"

केबिनच्या खालून. पोरसवदा आवाज. रागाचा नाही. रस्ता विचारावा तसा.

बाळाजी हलला नाही. खाली बघायची छाती झाली नाही.

"सांगितलंस का रे, दादा?"



काय सांगणार? हो म्हणता येईना. नाही म्हणायची लाज वाटली. खाली कोण आहे हे कळूनही त्याला भीतीच्या आधी लाज वाटली, हे त्याने स्वतः शपथेवर सांगितलंय. खाली पावलं वाजली. ओल्या चपलांची. चपक... चपक... लांब गेली.

किती वेळाने तो उतरला, त्यालाच ठाऊक नाही. स्कूटर तिथंच टाकून तो गयाबाईच्या चाळीकडे पळत सुटला. आता सांगायचं. मग पोलीस येवोत, काम जावो. पुढे सकाळी त्याने स्वतः पोलिसांना फोन केला, सगळ्यांसमोर तो डोह पिंजून काढला. बाईकचा एक स्क्रूसुद्धा मिळाला नाही. पण ते नंतरचं.

त्या रात्री अख्खी चाळ झोपलेली होती. गयाबाईच्या ओट्यावरचा दिवा तेवढा चालू. दार सताड उघडं. म्हातारी उंबऱ्यात बसलेली, डोक्यावर पदर.

"मावशी, दुपारी... बकेटमध्ये..." त्याला धाप लागली होती. "मी खोटं बोललो, मावशी. ती बाईक... मीच परत..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कसं?"

बाळाजी तिच्या पायावर डोकं ठेवायला वाकला. तिने पाय मागे घेतले.

"तू सांगितलं असतंस ना, दादा," ती अगदी हळू म्हणाली, "तर त्याला एवढ्या रात्री यावं लागलं नसतं."

बाळाजीची मान वर होईना. तो तसाच वाकलेला राहिला. आणि म्हणूनच त्याला ओट्याची फरशी दिसली.

फरशीवर ओल्या काळ्या गाळाचा टायरचा माग होता. रस्त्यावरून ओट्यावर चढलेला, थेट भिंतीपर्यंत. भिंतीशी साइड स्टँड टेकल्याचा वाटोळा ठसा. त्याच्या शेजारी ओल्या चपलांची पावलं, उंबऱ्याकडे गेलेली.

बाईक नव्हती. आणि बाहेर जाणारा माग कुठंच नव्हता...